फरंगीससाठी फूटपाथ

९ मे २०१४

बायकोला, फरंगीसला, मॉन्ट्रियलच्या बसमध्ये बसवून दिलं. तिच्या बहिणीच्या, महीनच्या, गुडघ्याचं ऑपरेशन आहे. दोन आठवड्यांचा प्रश्न. सामान मात्र दोन मोठ्या बॅगा आणि वर हिवाळ्याचा जाड कोट. मे महिन्यात कोट कशाला, असं विचारलं. असू दे, म्हणाली. मॉन्ट्रियलला थंडी जास्त, हे खरंच आहे. बायका फार पुढचा विचार करतात.

परत येताना एका माणसाने इंडिकेटर न देता लेन बदलली. अठ्ठावीस वर्षं मी टोरांटोत ड्रायव्हिंग शिकवतोय. लोक सुधारत नाहीत.

संकल्प: ती येईपर्यंत तळघर आवरायचं.

२३ जून

तळघर आवरलं नाही. फरंगीस आली नाही. महीनचा गुडघा बरा झाला, पण आता दुसरा दुखतोय म्हणे.

फोनवर तिचा आवाज इतका टवटवीत होता की आधी वाटलं महीनच बोलतेय. सकाळी पाव आणायला चालत जाते, दुपारी लायब्ररीत चालत, संध्याकाळी बागेत चालत. "इथे मी चालते, होशंग," म्हणाली. मी म्हणालो, त्यात काय एवढं, पाय सगळ्यांनाच असतात. मग म्हणाली, जेवण गरम करून खात जा.

दिवसभर डोकं चालवलं. उलगडा झाला. दोष रस्त्याचा आहे.

आमचा रस्ता सहा लेनचा. समोर प्लाझा: यदोल्लाची नानची भट्टी, एक न्हावी, एक वाणी, सगळे आपलेच इराणी. आमच्या खिडकीतून यदोल्लाच्या टोपीवरचं पीठ दिसतं. पण सिग्नल लांब, फूटपाथ हातभर, आणि हिवाळ्यात बर्फ ढकलणारी गाडी सगळा बर्फ त्या हातभरावरच लोटते. त्यामुळे नान आणायला मी गाडी काढतो, पुढे जाऊन यू-टर्न मारतो आणि प्लाझात पार्क करतो. फरंगीसला गाडी येत नाही. मी शिकवायला घेतलं होतं. तिसऱ्या दिवशी तिने चौकातच गाडी थांबवली, खाली उतरली आणि घरी चालत आली. चिकाटी नाही.

इस्फहानला असताना रोज संध्याकाळी नदीकाठी फिरायची. इथे फिरणार कुठे? गुदमरली असणार. म्हणजे यात माझा काही संबंध नाही. फार हलकं वाटलं. दोन वेळचं एकदम जेवलो.

१७ सप्टेंबर

देव आहे. प्लाझाच्या तोंडाशी मोठा बोर्ड लागलाय. प्लाझा पाडून दोन टॉवर. बोर्डावर रंगीत चित्र: रुंद फूटपाथ, दोन्हीकडे झाडं, बाकं, आणि लाल कोटातली एक बाई निवांत चालतेय. बाईचा चेहरा नीट काढलेला नाही, पण चालण्याची ढब थेट फरंगीसची.

गाडीतून उतरून जवळून बघावं म्हटलं, पण मागच्याने हॉर्न मारला.

फोन करून तिला सांगितलं. तिने विचारलं, मग यदोल्ला कुठे जाणार? मुद्दा सोडून बोलण्याची तिची जुनी सवय.

४ फेब्रुवारी २०१५

शाळेच्या हॉलमध्ये बिल्डरने सभा ठेवली होती. सगळे विरोधात. उंची जास्त, सावली पडेल, गाड्या वाढतील. मग मी उठलो. चांगला बोललो. माणूस हा चालणारा प्राणी आहे, म्हणालो. ज्या रस्त्यावर माझी बायको चालू शकत नाही तो रस्ताच नव्हे, म्हणालो.

मागून यदोल्ला ओरडला, "होशंग आगा, कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायलासुद्धा तुम्ही गाडी काढता! तुम्हाला चालताना कुणी पाहिलंय?"

सगळा हॉल हसला. बिल्डरचा माणूससुद्धा. सभा माझ्या बाजूने वळल्याचं ते लक्षण होतं.

बाहेर यदोल्लाने गाठलं. हसत नव्हता. म्हणाला, "माझी भट्टी गेली तर मी काय करू ते सांगा." मी म्हणालो, अरे, बोर्डावरच्या चित्रात तळमजल्यावर दुकान आहे, दुकानात पाव आहे. तो म्हणाला, "चित्रातला पाव चित्रातली माणसं खातील."

कडवट माणूस. विकासाला असे लोक नेहमीच आडवे येतात.

१२ एप्रिल

टोमणा मनाला लागला असं नाही, पण आजपासून रोज चालायचं ठरवलं. फरंगीस येईल तेव्हा बरोबर चालायला दम हवा.

सिग्नलपर्यंत गेलो. बटण दाबलं. सिग्नलवरचा पांढरा माणूस लागला. निम्म्या रस्त्यात असतानाच थांबायचा केशरी हात लुकलुकायला लागला. तीन गाड्यांनी हॉर्न मारले. एकाने काच खाली करून शिवी दिली, मग मला ओळखलं आणि ओशाळून म्हणाला, "सॉरी सर!" माझाच विद्यार्थी. पायी चालणाऱ्यासाठी थांबायचं, हे मी त्याला शिकवलं नव्हतं का? आठवत नाही. शिकवलंच असेल.

गुडघा दुखतोय. उद्यापासून एक दिवसाआड.

१३ एप्रिल

आठवड्यातून एकदा पुरे.

२० मार्च २०१६, नवरोज

गोलनार ओटावाहून येणार होती. आईकडे गेली. योग्यच आहे, लेकीने आईकडे जावं. मी एकट्याने टेबल मांडलं. नवरोजला सात वस्तू लागतात. माझ्या पाच जमल्या. सफरचंद, लसूण, व्हिनेगर, सुमाकची आंबट पूड, आणि पाचवी लसूणच, दुसरीकडे ठेवली.

फोनवर गोलनार म्हणाली, "बाबा, आई दोन आठवड्यांसाठी गेली होती. दोन वर्षं होतील आता." मी म्हणालो, टॉवरची परवानगी अडकलीय, नाहीतर कधीच आली असती. "बाबा, तुम्ही तिला एकदा तरी विचारलंत का?" काय विचारायचं? ज्याचं उत्तर माहीत आहे ते माणूस विचारत नाही.

मागे फरंगीस हसत होती. एक पुरुषी आवाजही होता. गोलनार म्हणाली, ते लूसियां काका, शेजारचे. निवृत्त पोस्टमन. आईबरोबर रोज फिरायला जातात. बिचारा विधुर आहे. जन्मभर पायी टपाल वाटलं, आता सवय जात नसेल. फरंगीस मुळातच दयाळू.

३० सप्टेंबर

प्लाझा बंद झाला. शेवटच्या दिवशी यदोल्लाच्या भट्टीपुढे ही रांग. मी गाडीतच बसून राहिलो. मग त्याचीच बायको आली, तव्याएवढी गरम नान कागदात गुंडाळून खिडकीतून आत दिली. पैसे घेईना. म्हणाली, "फरंगीस खानम माझ्या बाळंतपणात रस्ता ओलांडून रोज सूप घेऊन यायच्या, बर्फातसुद्धा. त्यांना सलाम सांगा."

हे मला माहीतच नव्हतं. हा रस्ता ओलांडता येत नाही, अशी माझी समजूत होती.

नान गाडीतच खाल्ली. खारट लागली. यदोल्लाचा हात शेवटी शेवटी बिघडला होता.

८ मे २०१८

खड्डा खोल होत चाललाय. दर आठवड्याला फरंगीसला खबर देतो. आज चौथी क्रेन आली. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तू कसा आहेस?" मी म्हणालो, पायाभरणी वेळेवर आहे.

यदोल्लाने उत्तरेला कुठेशी गोदामात भट्टी टाकलीय. हायवेने जावं लागतं. गेलो होतो. त्याने ओळख दाखवली नाही. मीही गॉगल काढला नाही.

११ जून २०१९

घर विकायला काढलं. समोरच्या टॉवरमध्ये तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट बुक केला. पंचविसाव्या मजल्यावरून तलाव दिसतो म्हणाले. पण फरंगीसला लिफ्टची धास्ती आहे. तिला जिन्याने जाता यावं. नवऱ्याने इतका विचार केल्याचं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

तिला सांगितलं नाही. चकित करायचं आहे.

घर आवरताना तळघर आवरावंच लागलं. तिचे चालायचे बूट सापडले. सगळ्यांचे तळ झिजलेले. कुठे झिजवले असतील?

१९ एप्रिल २०२०

साथीमुळे सगळं बंद. क्रेनसुद्धा थांबल्यात. मी तात्पुरता भाड्याच्या खोलीत. ड्रायव्हिंग स्कूल बंद, बहुधा कायमचं.

आज बाहेर पडलो. सहाच्या सहा लेन रिकाम्या. सिग्नल नाही, बटण नाही, सरळ मधून चालत गेलो. एका जागी थांबलो आणि काही वेळ तसाच उभा राहिलो. पक्ष्यांचा आवाज येत होता. या रस्त्यावर पक्षी आहेत!

पलीकडे पोचल्यावर कुणाला तरी सांगावंसं वाटलं. फरंगीसला फोन लावला. लूसियांने उचलला. मोडक्या इंग्रजीत म्हणाला, ती केस धुतेय, निरोप द्यायचा का? मी म्हणालो, सांगा, होशंगने रस्ता ओलांडला. तो फ्रेंचमध्ये म्हणाला, "ब्राव्हो, मस्यू."

लॉकडाऊनमध्ये बिचारा एकटा कुठे राहणार. महीनचं घर मोठं आहे.

नंतर आठवलं, महीन गेल्या वर्षीच मुलाकडे व्हँकुव्हरला राहायला गेली. असो. घर रिकामं ठेवण्यापेक्षा बरं.

३ ऑगस्ट २०२२

फ्लॅटचा ताबा मिळाला. सगळं चित्रातल्यासारखं. फूटपाथ इतका रुंद की चौघं शेजारी शेजारी चालतील. लिंडनची झाडं, अजून काठीएवढी. बाकं. दारासमोरच नवीन सिग्नल, तोही बोलणारा. मेट्रोपर्यंत सलग पायवाट.

तळमजल्यावर बँक, दातांचा डॉक्टर आणि कुत्र्यांचे केस कापायचं दुकान. पावाचं दुकान नाही. पाटी लागलेली नाही असा एक गाळा आहे, तिथे होईल.

पडदे निळे घेतले. फरंगीसला निळा आवडतो, किंवा हिरवा.

१५ ऑक्टोबर, सकाळ

ती येतेय! काल स्वतःहून फोन केला. गोलनारकडे आली होती, परत जाण्याआधी टोरांटोला येऊन जाईन, तुला भेटायचंय, बोलायचंय, म्हणाली. आठ वर्षांनी "बोलायचंय" म्हणजे काय, हे सांगायला नको.

न्हाव्याकडे जाऊन आलो. पहाटे हायवेने यदोल्लाकडे गेलो. कोण येतंय हे सांगितल्यावर त्याने ताजी नान काढून दिली. म्हणाला, "होशंग आगा, आज तुम्ही कमी बोला."

१५ ऑक्टोबर, संध्याकाळ

ती आली. केस पूर्ण पांढरे, पाठ ताठ. फ्लॅट पाहिला, पडदे छान आहेत म्हणाली. नानचा तुकडा मोडून डोळे मिटून खाल्ला. जिन्याने ये-जा करता येते हे मी सांगितलं. ती लिफ्टने आली होती.

मग तिला खाली नेलं. हाच क्षण होता. मी सगळं दाखवलं: झाडं कुठली, उतार कसा दिलाय, बर्फ साचू नये म्हणून काय केलंय, सभेत मी काय बोललो होतो. बरंच अंतर गेल्यावर काहीतरी विचारायला वळलो, तर शेजारी कुणी नव्हतं. ती मागे राहिली होती. एका काठीएवढ्या झाडाला हात लावून उभी होती.

परत गेलो. बाकावर बसलो. ती म्हणाली, "रस्ता खरंच छान झालाय, होशंग."

मी म्हणालो, तुझ्यासाठीच. आता ये.

तिने माझा हात हातात घेतला. म्हणाली, "इस्फहानला फूटपाथ होता. झाडं होती, नदी होती, पूल होता. तू गाडीने पुढे जाऊन पलीकडच्या टोकाला थांबायचास. मी पोचले की घड्याळ दाखवायचास. तिथेही मी एकटीच चालायचे रे."

मी म्हणालो, पार्किंग तिकडेच मिळायचं.

तिला हसू आलं. मग डोळे पुसले. म्हणाली, "लूसियां आणि मी आता एकत्रच राहतो. तुला कळलं असेलच. पण मी तोंडाने सांगितलं नव्हतं, ते बरोबर नव्हतं." तो फार हळू चालतो, म्हणाली. गुडघे गेलेत त्याचे. ती त्याच्यासाठी थांबते, तो तिच्यासाठी.

मला काहीतरी बोलायचं होतं. यदोल्लाने सांगितलेलं आठवलं.

निघताना मी किल्ली काढली. स्टेशनला सोडतो म्हणालो. तिने मान हलवली. "मेट्रो जवळ आहे. चालत जाते."

बरोबर येऊ का, असं मी विचारलं. पहिल्यांदाच विचारलं असावं, कारण ती दचकली. मग माझ्या गालाला हात लावला आणि म्हणाली, "नको, होशंग. थंडी आहे. वर जा."

वर गेलो नाही. फूटपाथ रुंद आहे, सरळ आहे, मध्ये आडवं काही येत नाही, झाडंही अजून लहान. त्यामुळे ती खूप लांबपर्यंत दिसत राहिली.