बोटभर पात्याच्या चाकूसंबंधी व इतर

मी, गोपाळकृष्ण अंबादास काटीकर, धंदा अर्जनवीस, म्हणजे कचेरीच्या दारात बसून लोकांचे अर्ज लिहून देणारा, वय पन्नाशीच्या थोडे पुढे, राहणार उस्मानाबाद, ज्याला घरात आम्ही धाराशिवच म्हणतो, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात, शुद्धीवर असताना आणि कुणाच्या दाबाखाली न येता लिहीत आहे. दुसऱ्यांची मृत्युपत्रे लिहिताना माणूस शुद्धीवर आहे की नाही हे त्याचे नातेवाईक सांगत. आज ते मीच सांगतो.

निमित्त असे की पुढच्या आठवड्यात सोलापूरला पोटाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, काळजीचे कारण नाही. हेच वाक्य मी पक्षकारांना रोज सांगतो, त्यामुळे त्याचे वजन मला ठाऊक आहे.

कलम १. राहते घर पत्नी चंद्रप्रभा हिला तिच्या हयातीपर्यंत, नंतर आमची एकुलती मुलगी नीला हिला. मागचे दार पावसाळ्यात फुगते व उघडत नाही. ते नीट करतो असे मी लग्न झाल्यापासून म्हणत आलो. हे वचनही घराबरोबर वारसांकडे जाईल.

कलम २. पोस्टातली शिल्लक चंद्रप्रभेची. किती आहे ते तिला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे.

कलम ३. माझी सागवानी पेटी, दौती, टाक, लाख आणि दोऱ्याचे रीळ नीलाला. कचेरीसमोरच्या लिंबाखालची जागा मला देता येत नाही. जमीन सरकारची, झाड सरकारचे. परंतु आम्हा अर्जनविसांत रिवाज असा की पेटी ज्याची, सावली त्याची.

नीला मॅट्रिक पास आहे. सासरहून ती परत का आली हा या दस्ताचा विषय नाही, आणि त्या मंडळींची नावे घालून मी चांगला कागद खराब करणार नाही. वर्षभर ती माझ्याशेजारी बसून अर्ज लिहिते. तिचे अक्षर माझ्याहून सुबक आहे. शिवाय पक्षकार रडू लागला तर ती त्याला रडू देते. मी गावाचे नाव विचारतो. तिने स्वतःच्या नावाने परवान्याचा अर्ज दिला, तेव्हा कचेरीतले कारकून म्हणाले, “बाईमाणूस हाय. घरच्या कर्त्या पुरुषाची हरकत नसली म्हंजे झालं.”

मी विचारले, “हा नियम कुठल्या कलमात आहे?”

“नियम न्हाय, गोपाळराव. रिवाज हाय.”

मी असेतो कर्ता पुरुष मी, आणि माझी हरकत नाही; पण परवाना अजून निघालेला नाही. मी नसलो की माझा धाकटा भाऊ मार्तंड, तुळजापुरात शिक्षक. मार्तंडाची हरकत आहे. तेवढ्यासाठी हे मृत्युपत्र. बाकीची कलमे धंद्याच्या सवयीने.

कलम ४. मार्तंडाची हरकत लेखणीला नाही, चाकूला आहे. गेल्या दिवाळीत तो आमच्या ओसरीवर बसून म्हणाला, “दादा, लिहू दे तिला, मी काही जुन्या वळणाचा नाही. पण कचेरीच्या दारात, चार लोकांत, पोरीच्या हातात चाकू? बघणारा काय म्हणेल?”

आता चाकूवाचून अर्जनवीस म्हणजे कात्रीवाचून शिंपी. पेन्सिलीला टोक, दप्तराची दोरी, लाखेची मोहर, चिकटलेले तिकीट, सगळ्याला तोच लागतो. मी हे सांगणार तोच नीला आतून आली.

“काका, तुमच्या घरी विळी आहे ना? हातभर पात्याची. काकू रोज पायाखाली दाबून तिच्यावर भाजी चिरतात. तिला भिता का तुम्ही?”

“विळी घरात असते.”

“म्हणजे भीती पात्याची नाही, दाराची आहे.”

मार्तंडाने चहा संपवला आणि एस्टीची वेळ विचारली.

तरीही मार्तंडाची भीती निव्वळ खोटी आहे असे मी लिहिणार नाही, कारण मी स्वतः चाकूपायी बसलेला माणूस आहे. पोलीस ॲक्शननंतर झडत्या चालत त्या दिवसांत येडशी स्टेशनवर एका शिपायाने माझी थैली उघडून विचारले, “ये क्या है?” मी सरळ माणूस, म्हणालो, “चाकू.” दिवस मावळेपर्यंत बाकावर बसवून ठेवले. पुढल्या खेपेला तेच स्टेशन, तोच शिपाई, तोच चाकू. मी म्हणालो, “कलमतराश.” त्याने उघडूनही पाहिला नाही. “जाइए, मुन्शीजी.”

कलमतराश म्हणजे लेखणी तासण्याचा चाकू. निजामाच्या अमदानीत शिकलेल्या प्रत्येकाला हा शब्द ठाऊक असे. आता विलीनीकरण झाले, दप्तर मराठीत आले, ते बरेच झाले. पण मुंबईकडून आलेल्या नव्या साहेबांपुढे कलमतराश म्हटले तर ते हे कसले हत्यार म्हणून खुर्चीत सरसावून बसतात. शब्दाचे म्यान गेले. यापुढे चाकूच असा पाहिजे की त्याचे नाव विचारावेसे कुणाला वाटू नये.

कलम ५. तसा चाकू घ्यायला मी व नीला आठवडी बाजारात गेलो. दुकानदाराने आधी बटणाचा काढला. “ताई, हे बघा. दाबलं की खटकन उघडतंय.”

“खटकन नको,” नीला म्हणाली. “सावकाश उघडणारा दाखवा. समोरच्याला बघायला वेळ मिळाला पाहिजे.”

“चाकू बघायला कशाला वेळ?”

“आधी चाकू आहे हे कळायला. मग त्यात घाबरण्यासारखं काही नाही हे कळायला.”

दुकानदाराने माझ्याकडे पाहिले. मी आभाळाकडे पाहिले. मग दुसरा निघाला, शिंगाच्या मुठीचा. त्याचे टोक फार अणकुचीदार म्हणून तिने बाजूला सारला. तिसऱ्याला पितळेचा नाग जडवलेला होता. “याच्यापेक्षा नागच घेतलेला बरा,” असे मी म्हणालो ते दुकानदाराला आवडले नाही. चौथा साधा, शिसवी मुठीचा: पाते बोटभर, टोक बोथटलेले, उघडायला पात्यावर नखापुरती खाच, दोन्ही हात लागतात. मिटताना बोट चिमटत नाही हे तिने पुन्हा पुन्हा मिटून पाहिले. दुकानाच्या पायरीवर भाजीची पाटी घेऊन एक म्हातारी टेकली होती. नीलाने चाकू उघडून तिच्यापुढे धरला.

“आजी, ह्याचं भ्या वाटतंय का?”

म्हातारीने पाहिले. “ह्येचं कसलं भ्या? ह्येनं कारलं बी चिरायचं न्हाय.”

“हाच द्या,” नीला म्हणाली.

धारेची वस्तू हातातून हातात देत नाहीत, भांडण लागते. देणाऱ्याने खाली ठेवावी, घेणाऱ्याने उचलावी. दुकानदाराने तो फळीवर ठेवला, नीलाने उचलला. त्यामुळे हा चाकू माझा कधी नव्हताच आणि मृत्युपत्रात बसतही नाही. पण ‘बापाच्या पेटीतून काढला’ असे उद्या कुणी म्हणू नये म्हणून नोंद केली.

कलम ६. नीलाला सूचना. चाकू मिटून पेटीवर डाव्या बाजूला, दिसेल असा ठेवावा. लपवलेला चाकू लहान असला तरी मोठा होतो. स्टँपच्या कागदावरचे चुकलेले अक्षर त्याने कधी खरवडू नये; चुकले तर रेघ मारून सही करावी. पक्षकाराला उसना देऊ नये, नखे काढायला तर मुळीच नाही. आणि कुणी तावातावाने भांडत आला तर अर्जाआधी एक पेरू कापावा, अर्धा त्याला द्यावा. तोंडात पेरू असलेल्या माणसाला ओरडता येत नाही.

कलम ७. जुनी उणीदुणी. आमच्या वडिलांच्या वाटणीपत्रात लिहिले होते, ‘कलम तिसरे मार्तंडाकडे राहील.’ तिसऱ्या कलमात विहिरीकडचे शेत होते. मार्तंड तेव्हा कॉलेजात होता, म्हणजे वाचायला शिकलेला पण ऐकायला नव्हे. तो माळावर गेला, आंब्याची कलमे मोजली आणि माझ्या हिश्श्यातल्या तिसऱ्या झाडाला काटेरी कुंपण घातले. शेत त्याला मिळालेच. झाडही त्याने सोडले नाही, चूक कळल्यावरही नाही. दर उन्हाळ्यात पाणी घालतो. आंबा आंबट आहे. तो गोड म्हणून खातो, आणि आम्हालाही गोड म्हणायला लावतो.

ते झाड नीलाचे. काकाला त्याचे आंबे द्यावेत असे लिहायला हात शिवशिवतो. पण लिहिता येत नाही, कारण पुढील कलम.

कलम ८. मार्तंडाला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. हे रागाने नव्हे. ज्याला मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असा कायदा आहे, आणि मला मार्तंडाची सही पाहिजे. साक्ष म्हणजे संमती नव्हे, हे मला कळते. पण मार्तंड ज्या कागदावर सही करतो त्याच्याविरुद्ध दुसरा कागद लिहीत नाही; इतका तो सरळ आहे. शेजारचे स्टँपविक्रेते कल्याणप्पा यांनाही याच कारणाने माझी छत्री दिलेली नाही. त्यांनी बरेच दिवस तिच्यावर डोळा ठेवला होता. छत्री चंद्रप्रभेची.

चंद्रप्रभेने हे वाचून विचारले, “मेल्यावरही टोमणे मारायचेत का?” मी म्हणालो, “तेव्हाच उलट उत्तर येत नाही.” ती म्हणाली, “बघू.”

मार्तंड आज सकाळच्या एस्टीने आला आहे. कागद त्याच्यापुढे ठेवतो आहे. त्याने सही केली नाही तरी पेटी, लाख, दौत नीलाचीच. परवाना मात्र तिला भांडून मिळवावा लागेल, आणि भांडणात मी नसेन.

येणेप्रमाणे लिहिले, स्वतः वाचून पाहिले, एक ऱ्हस्वदीर्घ सुधारले, सही केली.

मुक्काम उस्मानाबाद, तारीख २ डिसेंबर १९५८
(सही) गोपाळकृष्ण अंबादास काटीकर

साक्षीदार

(सही) कल्याणप्पा मुरूमकर, स्टँपविक्रेते. गोपाळरावांनी माझ्यासमोर सही केली. छत्रीचं लई वाईट वाटलं.

(सही) मार्तंड अंबादास काटीकर, शिक्षक, तुळजापूर. दादांनी माझ्यासमोर सही केली. सर्व मजकूर वाचला. ‘हरकत नाही’ असे लिही म्हणून दादांचा आग्रह आहे. तसे मी लिहीत नाही. हरकत घेणार नाही, एवढे लिहितो. हा शेरा आधी पेन्सिलीने लिहून मग शाईने गिरवला. पेन्सिलीला टोक चि. नीलाने काढून दिले. चाकू लहान आहे.