विराजचा दहीभात

आत्याबाई,

तुम्ही देवळात गेलात आणि खाली ऑटो थांबलाय, म्हणून लिहून जाते. कारण सापडलं! जंतूंशी लढणारी प्रथिनं आपल्या विराजच्या रक्तात जन्मापासूनच जवळजवळ नाहीत, म्हणून चारदा न्यूमोनिया झाला. दृष्ट नव्हे, आणि मी त्याला भरवलेला दहीभातही नव्हे! ती प्रथिनं आता दर महिन्याला सलाईनसारखी द्यायची. आज पहिली बाटली! यांना एसटीडी बूथवरून हुबळीला कळवलंय.

दही चालेल का, म्हणून मी डॉक्टरांना तीनदा विचारलं. ते हसले, "स्वल्प काय अम्मा, पोटभर द्या!"

दुपारी दहीभात घेऊन दवाखान्यात या. तुम्हीच कालवा, मला अजून धीर होत नाही. डबा मात्र मोठा घ्या. दोन वर्षं मीही दही तोंडात घातलेलं नाही.

तुमची सून,
कौशल्या