चिखलातली गोमाशी

३ मे
शेण उचलायला कोणी नाही! सून माहेरी जाऊन चार दिवस झाले आणि मुलगा विचारतो, 'आई, चहा टाकू?' चहा गेला खड्ड्यात.
मी काय खोटं बोलले? गोठा घाण, म्हणून माश्या. माश्या, म्हणून ताप. म्हैस गेली. चारचौघांत म्हटलं, 'तू मारलीस माझी म्हैस.' बाईसाहेबांनी पिशवी भरली. उंबऱ्यातून म्हणाल्या, 'या माश्या शेणातल्या नाहीत, आई.' मोठी आली माश्यांची जात सांगणारी!

५ मे
गोठा दोनदा धुतला. कंबर मोडली. भुईवर जेवावं इतका लख्ख. दुपारी ऊन तापलं आणि माश्या हजर! घरमाशीच्या तिप्पट. दुसऱ्या म्हशीच्या मांडीवर बसल्या की रक्ताचा ओघळ. घरमाशी कुठे रक्त काढते? आजवर दिसलं नाही. दिसलं असेल — बघितलं नाही.

६ मे
मलाच चावली. दंडावर. टोचत नाही, कात्रीने कापते. फडक्याखाली धरली, बरणीत कोंबली. मुलगा म्हणतो, 'नसते उद्योग.' बरणीकडे बघेना मात्र.

७ मे
बरणी घेऊन जनावरांच्या डॉक्टरकडे गेले. त्याने भिंग धरलं. 'गोमाशी, आजी. डोळ्यांमध्ये फट आहे ना, म्हणजे मादी. नर फुलांवर जगतो. रक्त पिते ती मादीच.'
'माझ्याकडे बघून कशाला सांगतोस?' म्हटलं. हसला मेला.
मग माझीच जिरली. शेणात नाही, ओल्या चिखलात वाढते म्हणे. एका जनावराच्या रक्तातलं दुखणं दुसऱ्याला देते. चिखल आमच्या गोठ्यामागेच, हौद गळतो तिथे. बुजवू या, म्हणून सून दोन वर्षं मागे लागली होती. मीच नको म्हटलं — म्हशींना गार वाटतं.
झालं. जीभ माझी, चिखलही माझा.
निघताना डॉक्टर म्हणाला, 'महिन्यामागे तुमची सून हीच माशी घेऊन आली होती, काडेपेटीत. म्हैस तापली होती तेव्हा. इंजेक्शनची चिठ्ठी मी सोबत आलेल्या तुमच्या मुलाच्या हातात दिली. आणलंच नाही का?'

८ मे
विचारलं. मान खाली. 'तू म्हणालीस, शेणाच्या माश्या आहेत, ताप उतरेल. तुझ्याशी कोण वाद घालणार? राहून गेलं.'
राहून गेलं! मी त्याच्या बायकोला खुनी ठरवत होते तेव्हा हा खांबाला टेकून उभा होता. चिठ्ठी खिशात!
याला मीच वाढवलं. गप्प बस म्हणत म्हणत.

९ मे
सुनेच्या बापाचा निरोप आला. पोरीला पाठवतो, पण आधी तिच्यासमोर सांगा, म्हैस कोणी मारली?
उद्या जायचं. आधी मुलगा बोलेल, मग मी. तो गप्प राहिला तर त्याचं उत्तर दुसऱ्या कोणी द्यायचं नाही. मीसुद्धा नाही.