अण्णांची सही

बाई,

आपल्या हायस्कूलला पंचाहत्तर वर्षं होताहेत म्हणून स्मरणिका काढायचं ठरलं, आणि शाळेचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. सध्याचे मुख्याध्यापक प्राथमिक शाळेत माझ्या हाताखाली शिकलेले. घरी येऊन म्हणाले, "मॅडम, तुमी याच शाळेत शिकलात, आता रिटायरबी झालात. दुसरं कोण लिवणार?" मला बरं वाटलं. गेला महिनाभर रोज सकाळी शाळेच्या कार्यालयात बसून मी जुनी दप्तरं वाचते आहे. सगळ्यात जुनी पानं उर्दूत आहेत, निजामाच्या वेळच्या छोट्या मदरशाची. ती शेजारच्या एका म्हाताऱ्या वकिलांकडून वाचून घेतली. मग मराठी सुरू होतं, मग हायस्कूलची मंजुरी, पत्र्याच्या दोन खोल्या, आणि मग एका वर्षी तुमचं अक्षर येतं. आधी शब्द लिहून शेवटी साऱ्या ओळीवर एका दमात ओढलेली शिरोरेघ. त्या वर्षी तुम्ही आठवीत मुलींची वेगळी तुकडी सुरू केलीत. तो भाग मी फार मन लावून लिहिणार होते, कारण त्या तुकडीत मी होते.

तुम्ही आमच्या घरी आलात तो दिवस मला नीट आठवतो. आई चुलीपुढे भाकरी थापत होती आणि तुम्ही पाटही न घेता तिथंच जमिनीवर बसलात. आई म्हणाली, "बाई, सातवी झाली की लय झालं. पोरात पोर बसवायची न्हाई आमाला." तुम्ही म्हणालात, "पोरांत नाही बसणार. मुलींची तुकडी काढतेय मी. तुमची आली तर गल्लीतल्या आणखी चौघी येतील." अण्णा धान्याच्या मोंढ्यात हमाली करायचे, दुपारी जेवायला आले होते. ते एवढंच बोलले, "शिकू द्या तिला." दुसऱ्या दिवशी प्रवेशाच्या अर्जावर तुम्ही स्वतः त्यांचा अंगठा शाईत दाबून उमटवून घेतलात.

त्याच्या थोडं आधी मी औरंगाबादच्या मुलींच्या वसतिगृहाच्या शाळेची परीक्षा दिली होती. तीही तुमच्याच सांगण्यावरून. अण्णा एक दिवसाचं काम बुडवून मला एस.टी.नं परभणीला घेऊन गेले आणि पेपर सुटेपर्यंत बाहेर लिंबाखाली बसून राहिले. शाळा उघडल्यावर महिन्याभरानं तुम्ही मला स्टाफरूममध्ये बोलावलंत. दार लोटलंत. "तुझी निवड झाली होती," तुम्ही म्हणालात, "पण वडील नको म्हणाले. घरात विषय काढू नकोस. त्यांनाही वाईट वाटतंय." मग कपाटातून नवी कंपासपेटी काढून माझ्या हातात दिलीत.

मी विषय काढला नाही. बोलणंच सोडलं. चार-आठ दिवसांनी अंगणात हातपाय धुताना अण्णा मला म्हणाले, "काय गं, बोलंना का झालीस? न्हाई लागला नंबर तर न्हाई. तेवढ्यानं काय व्हतंय." स्वतः नको म्हणून आले आणि वर नंबर लागला नाही असं मलाच सांगतात, असं वाटलं. एवढा खोटा माणूस मी पाहिला नव्हता. त्यांनी त्या दिवशी फडक्यात बांधून आणलेले पेरू मी खाल्ले नाहीत. नंतर दहावी झाले, लग्न झालं, सासरी राहून डी.एड. केलं, नोकरी लागली. माहेरी जायचे तेव्हा आईशी बोलायचे. अण्णांना पाणी द्यायचे, चहा द्यायचे, औषधं आणून द्यायचे. ते गेले तेव्हाही मी नीट रडले नाही. तुम्ही गेलात तेव्हा मात्र तीन दिवस मला जेवण गेलं नव्हतं.

गेल्या मंगळवारी जावक पत्रांच्या फाईलमध्ये औरंगाबादला पाठवलेल्या पत्राची स्थळप्रत सापडली. 'पालक पाल्यास पाठविण्यास तयार नाहीत. पालकाचे लेखी निवेदन सोबत.' निवेदनाची कार्बन प्रतही खाली जोडलेली होती, आणि तिच्यावर अण्णांची सही. पूर्ण नाव, वळणदार, वर एका दमात ओढलेली शिरोरेघ. अण्णांना सही येत नव्हती, बाई. पेन कसा धरतात हेही त्यांना माहीत नव्हतं. अंगणात ते काय म्हणाले होते ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. नंबर लागला नाही असं तुम्हीच त्यांना सांगितलं होतंत.

तुम्ही हे का केलंत तेही त्याच फाईलमध्ये आहे. मुली कमी पडल्या तर तुकडी रद्द होईल, असं परभणीच्या शिक्षण कार्यालयाचं पत्र आहे. मी गेले असते तर गल्लीतल्या त्या चौघी घरी बसल्या असत्या. तुकडी टिकली. त्यानंतर किती मुली त्या वर्गातून शिकून गेल्या, हे मीच इतिहासात लिहिलं आहे. पण तुम्हाला मला खरं सांगता आलं असतं. थांब म्हणाला असतात तर मी थांबले असते, तुमच्यासाठी तर नक्कीच. माझ्या बापाला तुम्ही मध्ये घालायचं काही कारण नव्हतं.

मुख्याध्यापकांनी काल मजकूर वाचला. एका वाक्यावर बोट ठेवून म्हणाले, "मॅडम, हे वाक्य गाळा ना. पहिल्या पानावर बाईंचा फोटो घ्यायलोत आपण."

"फोटो घ्या," मी म्हणाले. "वाक्यबी राहील."

वाक्य एवढंच आहे: 'त्या वर्षी एका विद्यार्थिनीची निवड झाली असता, तिच्या वडिलांना न विचारता शाळेने नकार कळवला.' तुमचं नाव त्यात नाही, माझंही नाही.

हे पत्र कुठे पाठवणार? घडी घालून कपाटात ठेवीन. एक गोष्ट मात्र मुख्याध्यापकांना सांगितली नाही, घरातही नाही. त्या दिवसानंतर अण्णा खूप वर्षं जगले. त्यांना एकदा विचारायला मला कोणी अडवलं नव्हतं. पुष्कळदा ओठांवर आलंही. विचारलं असतं तर तुमच्या दोघांपैकी एक जण खोटं ठरलं असतं, आणि ते तुम्ही निघालात तर, याची मला भीती वाटायची.