वाटेत कोणी खात नाई का?

बा,

माझं काम काय, हे तुला मी कधी सांगितलं नाही. तू होतास तेव्हा ते माझं मलाच ठाऊक नव्हतं. आता सांगतो. मी विषाणू सांभाळतो. विषाणू म्हणजे सर्दी-पडसं आणतात ते, डोळ्यांना न दिसणारे. त्यातले काही असे घडवता येतात की चांगल्या पेशीत त्यांचं फारसं काही चालत नाही, पण कॅन्सरच्या पेशीत शिरले की तिथं वाढतात, तिला फोडून बाहेर येतात आणि शेजारणीत शिरतात. गाठ हाताला लागत असेल तर थेट तिच्यातच सुई टोचता येते. पण दुखणं अंगभर पांगलं की किती ठिकाणी टोचणार? मग त्यांना रक्तातूनच पाठवावं लागतं. आणि रक्तातली वाट लई वाईट आहे. अंगातले पहारेकरी त्यांना ओळखून धरतात. त्यातून सुटले ते काळजात, म्हणजे डॉक्टर यकृत म्हणतात त्यात, जातात. काळजातल्या काही पेशींचं कामच मुळी रक्तात आलेलं परकं काही दिसलं की गिळायचं. गाठीपर्यंत पोचतात ते थोडे, दमलेले.

हे लिहिताना मला एसटी दिसते आहे. तू मागच्या सीटवर बसला आहेस, पायांत ॲल्युमिनियमची हंडी, हंडीत मच्छीमार सोसायटीच्या तलावासाठी आणलेलं मासोळीचं बी. जिऱ्यासारखी बारीक पिल्लं, म्हणून नावही जिरेच. तू सारखा तळहातानं पाणी थापटतो आहेस, कारण हवा लागली नाही तर गावापर्यंत सगळी उलटी होतील. कंडक्टर वैतागतो. "काऊन हो भाऊ, गाडीत बसल्यापासून पाणीच थापटून राह्यले?" तू मान वर न करता म्हणतोस, "तुमच्या गाडीले खिडक्या आहेत, यांच्या हंडीले नाईत." सगळी गाडी हसते, कंडक्टरही. तलावावर पोचल्यावर मात्र तू घाई करत नसायचास. हंडी पाण्यात तरंगत ठेवायची. "पाणी पाण्याले ओळखू दे." आणि जिरे सोडायच्या आधी पलीकडच्या खोल काठाला माश्यांची आतडी टाकून यायची. तलाव मोठा, त्यातल्या बी गिळणाऱ्या सगळ्या मरळी काढणं सोसायटीला जमणारं नव्हतं. मरळ तिकडं जेवायला गेली की इकडं उथळ पाण्यात, गवताच्या आडोशाला बी सोडायचं. मी विचारलं होतं, हे तुला कोणी शिकवलं. तू म्हणालास, "शिकवते कोण? दोन वर्ष बी सोडलं अन् दोन वर्ष मरळच मोठी झाली."

मग नागपूरचा वॉर्ड. तुझा गाल तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं खाल्ला होता आणि दुखणं छातीत उतरलं होतं. मी घुग्घुसला सिमेंट कारखान्याच्या लॅबमध्ये नवाच लागलो होतो, खिशाला पेन लावून फिरत होतो. तुझ्या हाताला सुई, वर बाटली. तू बराच वेळ त्या नळीतला थेंब पाहत होतास. मग म्हणालास, "सुई हातात, दुखणं गालात. हे औषध वाटेत कोणी खात नाई का?" शेजारच्या खाटेवरचा म्हातारा खोकत खोकत हसला. राउंडला आलेले डॉक्टर दारात होते, त्यांनीही ऐकलं असावं. मला लाज वाटली. माझा बाप अडाणी दिसतो आहे, एवढंच मला कळलं. मी म्हणालो, "तुले काय समजते त्यातलं? चूप पडून राह्य." तू "बरं" म्हणालास. रागावला नाहीस. फक्त त्यानंतर मला काही विचारलं नाहीस. औषध कोणतं नाही, घरी कधी नाही. तिसऱ्या आठवड्यात तुला गावी आणलं तेव्हा गाडीत माईला विचारत होतास की किती वाजले, आणि घड्याळ माझ्या हातात होतं.

पुढचं थोडक्यात सांगतो. कारखाना सोडला, मोठ्या शहरातल्या एका संस्थेत काचेची भांडी धुवायला लागलो, तिथंच शिकत गेलो. माझे कान तुला माहीत आहेत. भांडी धुताना नळ बारीक सोडायचा म्हणजे बाहेरचं बोलणं ऐकू येतं. एक दिवस आमच्या मॅडम व्हरांड्यात कोणाला तरी सांगत होत्या, उंदराच्या शेपटीतून विषाणू सोडला की बहुतेक सगळा काळजातच जिरतो, गाठीपर्यंत जातच नाही. मी हात पुसत बाहेर आलो. म्हटलं, "मॅडम, काळजाला आधी दुसरं काही जेवायला घातलं तर?" त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "परदेशात दोन-तीन ठिकाणी हेच करून बघतायत. तू कुठे वाचलंस?" वाचलं नव्हतं. मी तलावाची गोष्ट सांगितली. शोध माझा नव्हता, बा, तुझाही नव्हता, लोक आधीच त्या वाटेवर होते. पण दुसऱ्या दिवसापासून मी भांड्यांवरून उंदरांवर गेलो.

आता आमच्याकडं असं आहे की आधी एक निरुपद्रवी पदार्थ टोचायचा, काळजातल्या त्या पेशींनी तो गिळत बसायचं, आणि तेवढ्या वेळात विषाणू सोडायचा. लॅबमधली पुण्या-बंगलोरची पोरंही सुई हातात घेतल्यावर मला विचारतात, "भाऊ, मरळ जेवली का?" गाठीत पूर्वीपेक्षा जास्त पोचतो. पुरेसा नाही. दुसऱ्या खेपेला अंग त्याला ओळखतं, मग पहिल्यापेक्षाही कमी पोचतो. आता आम्ही त्याला कशात तरी लपवून नेता येईल का ते पाहतो आहोत. औषध म्हणावं असं अजून काही हातात नाही. माईनं विचारलं होतं, "तुह्या बापाच्या टायमाले हे असतं तं?" मी नाई म्हटलं. ते खरं होतं, म्हणून जड गेलं नाही.

जड गेलं ते परवा. गडचिरोलीला नर्सिंगच्या मुलींसमोर बोलायला बोलावलं होतं. तिथं मी सुरुवात तुझ्या प्रश्नानं केली. पण म्हणालो, "एका पेशंटनं मला विचारलं होतं." माझा बाप, असं तोंडातून निघालं नाही. मुली हसल्या, वॉर्डातल्यासारख्या नाही, प्रश्न आवडल्यासारख्या. बोलणं संपल्यावर एक मुलगी उभी राहिली. भामरागडकडची असावी, बोलण्यात गोंडीचा हेल होता. म्हणाली, "सर, आमाले बी पेशंट असंच विचारतात. आमी काय बोलाव ते समजत नाई. तुमी त्याले काय सांगितलं?"

सभागृहात पंखे फिरत होते. मला खरं सांगता आलं असतं. तिला त्याचाच उपयोग झाला असता. वॉर्डात उभी राहून ती रोज कोणाच्या ना कोणाच्या बापाला उत्तर देणार आहे.

मी म्हणालो, "शेजारी बसलो आणि समजावून सांगितलं. त्यांना पटलं."

तिनं ते वहीत लिहून घेतलं. हे पत्र खरं तर तिला लिहायला बसलो होतो, पण बा म्हणून सुरू झालं, आणि आता तिला पाठवण्यासारखं राहिलं नाही.