बाबा जमिनीवर बसायचे तेव्हा

प्रिय बारक्या,

पत्र बघून तुला हसू येईल. घरात फोन असताना ताईला हे काय सुचलं, म्हणशील. पण फोनवर तू काय करतोस ते मला पाठ आहे. बाबांचं नाव काढलं की ‘गिऱ्हाईक आलंय’ म्हणतोस आणि ठेवून देतोस. इतकी गिऱ्हाइकं खरंच येत असती तर एव्हाना तुझ्या गॅरेजच्या चार शाखा झाल्या असत्या. पत्राचं तसं नसतं. फाडायचं म्हटलं तरी आधी दोन ओळी नजरेखालून जातातच. तेव्हा हात पूस, बस आणि वाच. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, ते तुला लहानपणापासून ठाऊक आहे.

तुझी बायको आणि लेक सुखरूप पोचल्या. लेक दिवसभर माझ्याबरोबर दुकानातच असते. मोठे काचेचे तक्ते मी विकून टाकले, पण तसबिरींच्या चौकटी आणि लहान आरसे अजून करते. बाबांची काच कापायची कलम आता माझ्या हातात बसलीय. पहिल्या दिवशी तिने विचारलं, ‘आत्या, हे सगळं आजोबांचं होतं?’ मी हो म्हटलं. तिने पुढे काही विचारलं नाही, आणि मला वाटलं, हिला आजोबांबद्दल कोणी कधी काही सांगितलेलंच नाही. तुला जेवढं ठाऊक आहे तेवढं तू सांगू शकत नव्हतास, आणि मला जे ठाऊक आहे ते तू ऐकत नव्हतास.

बाबा गेले तेव्हा तू कबरस्तानाच्या फाटकापाशी उभा होतास. माती द्यायला पुढे आला नाहीस, आणि मी माणसांतून वाट काढत येईपर्यंत निघून गेलास. मी तुला बोल लावत नाही. तुझ्या डाव्या कानाने तुला ऐकू येत नाही, आणि तो कान कशाने गेला ते मी डोळ्यांनी बघितलंय. शिवणकामवाल्या बाईंचा पुरुषभर उंचीचा आरसा तुझ्या हातून उंबऱ्यावर निसटला. बाई समोरच होत्या. बाबा हसले. ‘होतं हो, लेकरू आहे, उद्या दुसरा करून देतो,’ असं म्हणत त्यांनी बाईंना रस्त्यापर्यंत सोडलं. मग आत आले, दार लावलं आणि मापाची लाकडी पट्टी उचलली. नंतर ते आईला सांगायचे की राग डोक्यात गेला की मला भान राहत नाही. पण भान होतं, बारक्या. दार लावण्याइतकं तर होतंच.

आणि रविवारी ते चर्चच्या गायनमंडळात पुढच्या रांगेत. काय आवाज होता. लोक मागे वळून बघायचे. प्रार्थनेच्या वेळी त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं, आणि तू माझ्या कानात म्हणायचास, ‘बघ, नळ सुटला.’ येताना बिस्किटं आणायचे. डबा काठोकाठ भरला की शेजाऱ्यांना वाटायचं काय लाडाची पोरं आहेत. आपल्याला कळायचं आठवडा कसा गेला ते. मला तेव्हा ते रडणं नाटक वाटायचं. आता वाटतं, रडणं खरंच होतं. फक्त ते सोमवारपर्यंत पुरत नव्हतं.

तू नोकरी लागल्याबरोबर घर सोडलंस. त्यानंतरचं तुला ऐकीव माहीत आहे, तेही अर्धवट. तू गेल्यावर बाबांनी सगळ्या मंडळीसमोर उभं राहून शपथ घेतली की या हाताने पुन्हा कोणाला मारणार नाही. लोकांनी डोळे पुसले. काही आठवडे घरात इतकी शांतता होती की आई आणि मी चमचासुद्धा जपून ठेवायचो. मग एक दिवस भाजी करपली आणि पातेलं आईच्या दिशेने गेलं. त्यानंतर पुन्हा शपथ, पुन्हा तेच. मी बघून बघून शिकले होते: शपथ मोडली की लाज, लाज वाटली की राग, आणि राग आला की हात. शपथेने ते वाईटच होत चालले होते. आई एकदा मला म्हणाली, ‘यांनी शपथ घेतली की मला धडकीच भरते.’

त्या सुमाराला आपल्या चर्चला नवे पाळक आले. बुटके, जाड भिंगांचे, बोलताना अडखळणारे. उपासनामंदिराच्या खिडकीची काच बदलायला त्यांनी बाबांना बोलावलं आणि मी हाताखाली गेले होते, म्हणून हे मी स्वतः ऐकलंय. बाबा पुट्टी लावता लावता म्हणाले, ‘साहेब, या रविवारी मला पुन्हा शपथ घ्यायचीय.’ पाळक म्हणाले, ‘नको. तुमच्या शपथेत तुम्हीच फार असता. देवाला कुठे जागाच ठेवत नाही.’ बाबांचा चेहरा उतरला. मग पाळकांनी विचारलं, ‘गिऱ्हाईक वाकडं बोललं तर हात उठतो का हो तुमचा?’ बाबांनी मान हलवली. ‘नाही ना? म्हणजे तिथे आवरतो. घरात आवरत नाही, कारण घरात बघणारं कोणी नाही असं तुम्ही धरून चालता. देव घरातही बघतोय. पण मारायला टपून नाही बसलेला. तुम्ही हात पुढे केलात तर धरायला बसलाय. राग आल्याबरोबर त्याला हाक मारा. हात उचलल्यावर नव्हे, त्याच्या आधी. आणि जिथे असाल तिथे खाली बसा. खाली बसलेल्या माणसाचा हात कोणावर उठत नाही.’

मला वाटलं, झालं, एवढंच? पण बाबांनी ते अक्षरशः केलं. एवढा आडदांड माणूस, स्वयंपाकघराच्या दारात मटकन खाली बसायचा आणि पुटपुटायचा, ‘प्रभू, आलं बघ. माझ्याच्याने होत नाही. तू धर.’ कधी जिन्यात. कधी दुकानात, गिऱ्हाईक समोर उभं असताना, माझ्याकडून चौकट चुकली म्हणून. गल्लीत बातमी पसरली की काचवाल्यांचे गुडघे गेले. एका म्हाताऱ्या बाईंनी तर तेलाची बाटली पाठवली. आई ती बाटली हातात घेऊन इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. तिला तसं हसताना मी किती वर्षांनी बघत होते. बाबा जमिनीवर बसूनच तिच्याकडे बघत होते, आणि तेही हसले.

मी तुला गोड गोष्ट सांगत नाहीये. ते पुन्हा पडले. बरंच चांगलं चाललं होतं, आम्ही चमचे निर्धास्त ठेवायला लागलो होतो, आणि एका संध्याकाळी बिलावरून काहीतरी झालं. ते बसले नाहीत. काचेचा जग भिंतीवर फुटला आणि आईच्या पायात काच गेली. मी मनात म्हटलं, कुत्र्याचं शेपूट. पण या वेळी बिस्किटं आली नाहीत. त्यांनी आईचा पाय मांडीवर घेतला, चिमट्याने काच काढली आणि म्हणाले, ‘मी जग फेकला. तुला लागलं. चूक माझी.’ मी वाट बघत राहिले. आधीच्या प्रत्येक माफीत पुढे एक ‘पण’ असायचा. पण तू उलट बोललीस, पण मी दमलो होतो. त्या दिवशी ‘पण’ आला नाही. दुसऱ्या दिवशी ते पाळकांकडे गेले आणि म्हणाले, ‘मला पुढच्या रांगेतून काढा. ही सांगेल तेव्हा परत येईन.’

आईने लवकर सांगितलं नाही. तू ओळखतोस तिला. ते मागच्या बाकावर बसायचे आणि ती शेजारी, आणि नाताळ आले, गेले. मग एका रविवारी गीत सुरू झालं तेव्हा तिने त्यांना कोपर मारलं. म्हणाली, ‘जा पुढे. मागून तुमचा आवाज भसाडा येतो.’ ते उठले, पण गायला काही जमलं नाही त्यांना. नुसते उभे राहिले.

पुढे लोकांनी त्यांना उपासनेत साक्ष द्यायला उभं केलं. सगळ्यांना ऐकायचं होतं की राग कसा कायमचा गेला. बाबा म्हणाले, ‘मी सोडलं असं म्हणू नका. माझ्याकडून सुटलं असतं तर माझा मुलगा आज इथे बसला असता. मला देवाने सोडवलं, म्हणा. आणि अजून सोडवतोय. काल सोडवलं. उद्याचं उद्या मागेन.’ आणि खाली बसले. मंडळी जराशी हिरमुसलीच.

मी हे तुला फोनवर सांगितलं तेव्हा तू म्हणालास, ‘म्हातारा झाला, हात थकले, म्हणून गरीब झाला.’ मी रागावून ते त्यांना सांगितलं. ते म्हणाले, ‘बरोबर बोलतोय. त्याने कुठे बघितलंय?’ म्हणून मी बघितलेलं सांगते. आई शेवटी कोणाला ओळखत नव्हती. अन्न थुंकायची, शिव्या द्यायची. तिला पलंगावरून एकट्याने उचलण्याइतके त्यांचे हात भक्कम होते. मला ते जमत नव्हतं. एका दुपारी भरवताना तिने त्यांच्या थोबाडीत मारली. चष्मा उडाला. मी दारातून बघत होते. ते उठले, बोळात गेले, भिंतीला टेकून जमिनीवर बसले, ओठ हलत होते. मग आत आले, चष्मा पुसला आणि चमचा उचलला. ‘अजून दोन घास, मग झोप,’ म्हणाले तिला. हात थकले नव्हते रे.

आईच्या दफनाला तू आलास आणि त्यांच्याकडे बघितलंही नाहीस. त्यानंतर ते तुझ्याकडे यायला निघाले होते. हे तुला माहीत नाही. इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी करून सकाळीच गेले आणि संध्याकाळी परत आले. जेवले नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, ‘त्याच्या गॅरेजसमोरच्या फूटपाथवर उभा होतो.’ तुझ्या हाताखालच्या माणसाने एका गाडीचं काही बिघडवलं होतं. तेवढ्यात त्या गाडीची मालकीण आली. तू हसून तिच्याशी बोललास, तिला गाडीत बसवून दिलंस. मग त्या माणसाला आत घेतलंस आणि शटर खाली ओढलंस. बाबा मला म्हणाले, ‘तो माझ्यासारखंच दार लावतो.’ आणि त्यांना रस्ता ओलांडता आला नाही.

त्यांनी ओलांडायला हवा होता. याचा मला आजही राग येतो. जी एक गोष्ट तुला सांगायला जगात तेच एक माणूस लायक होते, ती त्यांनी सांगितली नाही. पुढे तेच म्हणायचे, ‘मला वाटलं मी नम्र होतोय. नम्रता कसली, भीती होती. त्याने दोन थोबाडीत दिल्या असत्या तरी जायला हवं होतं.’ रोज सकाळी तुझं नाव घेऊन प्रार्थना करायचे, आणि पुढच्या महिन्यात जाऊ म्हणायचे. पुढचा महिना हॉस्पिटलात गेला. तिथून ते घरी आलेच नाहीत. एवढं मोठं त्यांच्यात घडलं आणि ज्याच्यासाठी घडायला हवं होतं, त्याच्यापर्यंत ते पोचलं नाही.

मीही हे सगळं मनातच ठेवलं असतं. पण परवा दुकानात वरच्या फळीवरून डिंकाची बाटली काढायला मी हात वर केला, आणि खाली रंगवत बसलेल्या तुझ्या लेकीने मान आत ओढून डोळे गच्च मिटून घेतले. मी हात तसाच खाली घेतला. संध्याकाळी तुझ्या बायकोने कपड्यांच्या घड्या घालता घालता मला सगळं सांगितलं. रडली नाही. तुला ती आठवडाभर राहायला आलीय एवढंच माहीत आहे. ती आठवड्याने परत येणार नाही, बारक्या. तिला विचारूनच हे लिहितेय. तिला तुझी शपथ नको आहे, आणि मलाही नको. बाबांना ज्याने धरलं त्याचा हात अजून पुढे आहे. तो धरायला कानाने ऐकू येण्याची गरज नाही. शनिवारी ये. एकटा ये. त्यांना न्यायला नको, माझ्याकडे ये. पाळक आता फार थकलेत, पण म्हणालेत की मी येऊन बसेन. आपण तिघं बाहेरच्या खोलीत बोलू. मग मी आत जाऊन तिला विचारीन. ती हो म्हणाली तर भेट. नाही म्हणाली, तर चहा घ्यायचास, दार न आपटता निघायचंस, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा यायचंस.

तुझीच, आणि म्हणूनच त्या दोघींचीही,
ताई