सैनिकाचा डावा डोळा

नाशिक, मंगळवार, ९ डिसेंबर २००३

अवीने पुण्याहून पाठवलेल्या इंचभर सैनिकांपैकी पहिला आज रंगवायला घेतला. टेबलावर लढाया मांडायचा हा छंद धाकट्या भावाचा, आता मलाही लावतोय. त्याने सांगितलं तसं आधी सगळा काळा केला, रंग पातळ करून दोन थर दिले. कोट, पट्टा, बूट छान जमले. डावा डोळा मात्र जमेना. ब्रश जवळ नेला की हात थरथरायचा आणि टिंब गालावर.

"अहो, थंडी केवढी पडलीय! शाल घ्या आधी," सुनंदा म्हणाली.

थंडीच असेल. पण बाबांचा कंपवात कळायच्या कितीतरी आधी त्यांचा कप बशीवर वाजायचा, तेव्हाही आम्ही थंडीच म्हणायचो. उगाच घाबरतोय का मी?

शेवटी अवीला फोन केला. तो हसला. "दादा, डोळ्याला सगळ्याच नवशिक्यांचा हात हलतो. कोपरं टेबलावर ठेव, मनगटं एकमेकांना टेकव."

मग जरा थांबून हळूच म्हणाला, "कप ठेवताना वाजत नाही ना रे?"

"छे," म्हटलं. खरंच वाजत नाही. मी रोज कान देऊन ऐकतो.

नंतर मनगटं टेकवली आणि डावा डोळा बसला. पण टेकू दिल्यावर कुणाचाही हात स्थिर राहील.

आणि अवीला कपाचं विचारावंसं वाटलं, म्हणजे तोही स्वतःचा कप ऐकत असणार. मी उलट विचारायला हवं होतं. धीर झाला नाही.